उलट्या किल्ल्याचा सातवा मजला

आधी विमलअक्काचं नाव घेते, मग बाकीचं. मला लिहायची सवय नाही. मधेच कुकरची शिट्टी होईल, कुणी दार वाजवेल, मी उठेन आणि हे अर्धवट राहील. राहिलं तर राहू दे, पण तिचं नाव तरी कागदावर असावं. विमलअक्का. चाळीसगावहून धुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावातली, आमच्या गल्लीतली, लिंबाच्या झाडासमोरच्या घरातली. नात्यानं माझी कोणी नाही. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. आणि आज मी जे काही वाचते, लिहिते, ते तिच्यामुळे.

गेल्या आठवड्यात गावाकडून डबा आला. भावाचा मुलगा कापसाच्या कामानं इकडे कोईमतूरला आला होता, त्यानं आणला. झाकण उघडलं आणि हिंगाचा, पापडखाराचा, उन्हात तापलेल्या धाब्याच्या, म्हणजे आमच्या सपाट छताच्या, मातीचा वास एकदम अंगावर आला. मी दरवर्षी डबा उघडला की आधी पापडांकडे बघत नाही. थरांमध्ये घातलेले कागद काढते. मांडीवर ठेवून तळहातानं एकेक सरळ करते आणि दोन्ही बाजूंनी वाचते. अर्धी बातमी असते, जुन्या कॅलेंडरातली एकादशी असते, कुणा पोराची सहामाहीची प्रश्नपत्रिका असते. घरातले हसतात. म्हणतात, आईला पापडांपेक्षा रद्दीच गोड. मी पण हसते. काय शोधते ते कधी सांगितलं नाही.

या वर्षी डब्यात कागदच नव्हता. दर थरात प्लास्टिकची गोल चकती. स्वच्छ, पलीकडचं दिसणारी. मी त्या सगळ्या चकत्या धुऊन पुसून ठेवल्या, पुन्हा उपयोगी पडतील म्हणून, आणि मग ओट्याला टेकून उगाच उभी राहिले.

आमच्याकडे चैत्र लागला की गल्लीचा वास बदलायचा. पहाटे कुणाच्या तरी अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं चढायचं, त्यात ज्वारीचा घाटा रटरटायचा. लसूण, तीळ, लाल मिरची. त्याचे बिबडे व्हायचे. ओल्या धोतरावर थापलेले जाड, गोल, खडबडीत पापड. गरम घाट्यावर शेंगदाण्याचं तेल घेऊन आम्ही पोरं वाट्या चाटून पुसून टाकायचो. दुपारी उडदाचे पापड. पीठ वरवंट्यानं कुटायचं, तेलाचा हात लावून त्याची लांब वळी करायची, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अन् दुसरं हातात धरून तिच्या लाट्या कापायच्या. त्या कच्च्या लाट्या चोरून खाल्ल्या की जिभेला चुणचुण लागायची. ती चुणचुण मला अजून कधीतरी स्वप्नात लागते.

हे काम एकटीचं नव्हे. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. मी तुझ्या घरी लाटायला आले की तू माझ्या घरी यायचं. याला सावड म्हणायचे. ती कुठे लिहून ठेवलेली नसायची, पण सगळ्या गल्लीला तोंडपाठ असायची. माझी माय उन्हाळ्यात कांदे काढायला जायची, तिला दुपारी बसता यायचं नाही. म्हणून तिच्या जागी मी. सातवी झाली आणि माझं दप्तर खुंटीला लागलं होतं. आठवीची शाळा दुसऱ्या गावात होती, एवढंच म्हणते. बाकीचं उगाळून आता कुणाचं भलं व्हायचं नाही.

मी पापड लाटायला बसले खरी, पण माझा पापड गोल व्हायचा नाही. एकाला शेंडी निघायची, एकाला कान. आणि मन तर त्यात नव्हतंच. मला त्या वर्षी एकच भीती धरून बसली होती. वापरली नाहीत तर अक्षरं निघून जातात, असं मला वाटायचं. गल्लीतल्या दोघीतिघी शाळेत जाऊन आल्या होत्या आणि आता त्यांना सहीसुद्धा काढता येत नव्हती. ते बघून मी धसका घेतला होता. घरात वाचण्यासारखं काय होतं? काडेपेटी, चहाची पुडी, आणि पितळी कळशीवर कोरलेलं आजोबांचं नाव. कळशी घासताना ते नाव मी रोज वाचायचे. रोज तेच. उद्या कळशी समोर असेल आणि नाव दिसणार नाही, असं वाटून मी ते पुन्हा पुन्हा वाचायचे.

तर एका दुपारी मला धाब्यावर पाठवलं होतं, पापड उलटवायला. पापड जुन्या पेपरांवर पसरलेले. मी एक उचलायचे आणि त्याच्याखालचं वाचायचे. मग शेजारचा उचलायचे, कारण वाक्य तिकडे गेलेलं असायचं. किती वेळ गेला कोण जाणे. मागून सावली पडली. विमलअक्का शिडी चढून आली होती.

"काय शोधी ऱ्हायनी वं पोरी?"

"वाचस, अक्का."

मला वाटलं, आता पाठीत धपाटा. दोन पापड कडेनं वळून गेले होते. अक्का कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"तुले वाचता येस?"

"येस."

"मोठ्यानं येस का?"

अक्काचा मुलगा सुरेशभाऊ त्या वर्षी कॉलेजसाठी धुळ्याला गेला होता, देवपूरला खोली घेऊन राहायचा. घरी होता तोवर तो आईला पुस्तकं वाचून दाखवायचा. तो गेला आणि अक्काचं गोष्टी ऐकणं थांबलं. तिथे पांझरा नदीच्या पुलाजवळ जुन्या पुस्तकांचा ढीग मांडून एक माणूस बसायचा. त्याच्याकडून सुरेशभाऊ दर सुट्टीला एखादं पातळसं पुस्तक आणून आईच्या कोनाड्यात ठेवून जायचा. ती पुस्तकं तिथे नुसती बसून होती. अक्का त्यांच्यावरची धूळ पुसायची, चित्रं बघायची.

दुसऱ्या दिवशी अक्कानं त्यातलं पहिलं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ती वाची, आपण लाटसूत. तिनी मायना वाटाना पापड बी आपणच लाटसूत. वाचणं बी कामच शे."

सगळ्यांची लाटणी थांबली. ठगूबाई काकू आमच्या गल्लीतली तिखट जीभ. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "तोंडनी वाफवर पापड वाळतस का वं?"

"आयकी तर पाय."

"मंग मी गाणं म्हणस. मना वाटाना बी लाटा."

"तू गाणं म्हणशी ते उडीद परत वावरमा पळी जाई."

हशा झाला. ठगूबाई काकूपण हसली, पण मला कळलं, ती विसरायची नाही. मी पुस्तक उघडलं. पहिलं वाक्य मी इतकं हळू वाचलं की लिंबावरच्या कावळ्याचा आवाज मला मोठा वाटला.

त्या पुस्तकांची नावं आता कुणाला सांगितली तर माहीत नसतात. कव्हर फाटलेली, लिहिणाऱ्याचं नाव त्याच्यासोबत गेलेलं. गोष्ट एका उलट्या किल्ल्याची होती. बाकीचे किल्ले वर चढत जातात, हा जमिनीखाली उतरत जायचा. सात मजले, एकाखाली एक, आणि दर मजल्याचं एक पुस्तक. सगळ्यात तळाला, सातव्या मजल्यावर, एक झरा कोंडून पडलेला. तो झरा सुटल्याशिवाय वरच्या मुलखाला पाणी नाही. मोठमोठे वीर खाली गेले आणि परत आले नाहीत. मग शेवटचा सरदार निघाला, आणि त्याच्यापुढे उजेड धरायला एक मशालजी घेतला. गेनू त्याचं नाव. बुटका, गुडघे एकमेकांना लागणारे, आणि अंधाराला भयंकर भिणारा. अंधाराची भीती वाटायची म्हणूनच त्यानं मशाल धरायचं काम पत्करलं होतं, असं पहिल्याच पानावर लिहिलेलं. पहिल्या मजल्यावर सरदाराला स्वतःच्याच पावलांचा प्रतिध्वनी ऐकू आला आणि तो सगळी फौज घेऊन पळून गेला. उरला गेनू. त्याला पळायला उशीर झाला, गुडघ्यांमुळे.

इथे ठगूबाई काकू फस्सकन हसली आणि तिच्या पापडाला भोक पडलं. मी तेव्हाच ओळखलं, आता ही बाई येत राहणार.

गेनूकडे तलवार नव्हती. त्याची एक रीत होती. नव्या मजल्याच्या दारात तो मशाल खाली ठेवायचा, बसायचा, डोळे सरावू द्यायचा. मग मोठ्यानं म्हणायचा, "मी गेनू. मला भीती वाटते. मी आत येतोय." दर मजल्यावर हेच. चौथ्या पुस्तकापर्यंत सगळी गल्ली त्याच्याबरोबर म्हणायला लागली. मी "मी गेनू" म्हणून थांबायचे, आणि दहाबारा बायका लाटणी पाटावर आपटून पुढचं म्हणायच्या. रस्त्यानं जाणारा बैलगाडीवाला मान वळवून बघायचा.

पुस्तकातली भाषा पुस्तकीच होती, अवघड शब्द सारखे अडवायचे. एखादं लांब वाक्य झालं की अक्का म्हणायची, "आते आपलामा सांग." मग मी तेच आमच्या बोलीत सांगायचे. असा गेनू दोनदा उतरायचा, एकदा त्यांच्या भाषेत, एकदा आमच्या. आमच्या भाषेतला जास्त भ्यायचा आणि जास्त बोलायचा.

एक पुस्तक, कधी दोन, एवढंच एका उन्हाळ्यात. पुढचं सुरेशभाऊला ढिगात सापडेपर्यंत गल्ली थांबायची. पाचव्या मजल्यावर अंधारात एक म्हातारी जातं ओढत बसलेली. येईल त्याला म्हणायची, एवढी पाटी दळून दे, मग जा. वीर सगळे तिथेच दळत बसलेले, पाटी संपेना. गेनूनं दळता दळता म्हातारीला विचारलं, आजी, जेवलीस का? शेकडो वर्षांत तिला कुणी हे विचारलं नव्हतं. हे वाचलं तेव्हा नुसत्या बांगड्या वाजत होत्या. त्या दिवसाचे पापड फार जाड झाले. सहाव्या मजल्यावर हवाच नव्हती, मशाल विझली, आणि ते वाचलं तेव्हाचे पापड तर एका बाजूला जाड, एका बाजूला कागदासारखे. पावसाळ्यात चुलीवर भाजताना बाया ओळखायच्या. म्हणायच्या, हा पाय, सहावा मजलाना शे, बघ, हा सहाव्या मजल्याचा. कुणाच्या घरी पाहुणा आला की त्याला कळायचं नाही ह्या बायका पापडाकडे बघून का हसतात.

गल्लीत टीव्ही नव्हता त्या वेळी. ग्रामपंचायतीत एक आला होता, तो येतानाच बिघडलेला. संध्याकाळी माय कांद्याच्या वासाची होऊन घरी यायची. तिला मी गेनूचं थोडक्यात सांगायचे. ती ऐकता ऐकता भिंतीला टेकून झोपून जायची, आणि तिचे पापड आमच्या डब्यात भरलेले असायचे, गोल, एकसारखे, अक्काच्या हातचे.

सातवं पुस्तक आलं ते आखाजीला. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासरहून सगळ्या माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, गल्ली नुसती भरून जाते. अक्काची मोठी मुलगी शोभाताई सुरतेहून आली होती. सुरेशभाऊ देवपूरहून आला आणि त्यानं पिशवीतून ते पुस्तक काढून आईच्या हातात दिलं. "शेवटलं शे, माय. ढीगना तळले व्हतं." अक्कानं ते कपाळाला लावलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. सातवा मजला झाला की पुस्तकं संपणार. पुस्तकं संपली की मी वाचणारी कसली? पुन्हा लाटणं हातात, पुन्हा कळशीवरचं नाव. आखाजीच्या झोक्यावर बसले तरी मनात हेच चाललं होतं.

अर्धं पुस्तक आम्ही शोभाताई असतानाच वाचलं. जुनं, शिवणीचं सूत सुटलेलं पुस्तक ते, पुढचा भाग वेगळा आणि मागचा वेगळा होऊन आला होता. वाचून झालं की मी दोन्ही भाग एकावर एक ठेवून कोनाड्यात सारायचे. शोभाताई निघाली त्या सकाळी अक्काच्या घरात नुसती धांदल. धुळ्याहून सुरतेची एसटी गाठायची, पोरं रडतायत, लोणच्याची बरणी बांधायची राहिलेली. अक्का लेकीचा पापडाचा डबा भरत होती. एक थर पापड, एक कागद. एक थर पापड, एक कागद. हाताशी आला तो कागद.

दुपारी ठगूबाई काकूच्या ओट्यावर शेवटची सावड होती. तिचे उडीद उशिरा आले होते. सगळ्या जमल्या, लेकी परत गेल्यामुळे जरा गप्प गप्प. कोनाड्यातून हाताला लागलं ते पुस्तक मी न बघताच उचलून आणलं होतं. मी पुस्तक उघडलं. गेनू मशालीशिवाय अंधारात चाचपडत सातव्या दाराशी आला. दाराला हात लावला, तर दार कोमट. तो खाली बसला. ठेवायला मशाल नव्हती, तरी त्यानं हात खाली टेकवले. मग आतून आवाज आला. "कोण?"

मी पान उलटलं. पुढे काही नव्हतं. नुसतं सूत लोंबत होतं.

"थांबनी काब्र?" ठगूबाई काकू.

मी पुस्तक झटकलं, मांडीखाली बघितलं. पदराखाली बघितलं. उठून धावत अक्काच्या घरी गेले, कोनाडा बघितला. आधीची सहा पुस्तकं होती, सातव्याचा कपटासुद्धा नव्हता. परत आले तेव्हा अक्काचं लाटणं हातातच राहिलं होतं. तिला माझ्याआधी कळलं होतं.

"मीच भरं वं ते डबामा," ती म्हणाली. "मनाच हातनी."

त्या गोष्टीवर तिच्याएवढा जीव कुणाचा नव्हता, आणि तिनंच ती पापडांच्या मधे घालून सुरतेला धाडली होती. एसटी तेव्हा साक्रीच्या पुढे गेली असेल. कुणी हसलं नाही. ठगूबाई काकूसुद्धा नाही. ती उठली आणि अक्काला पाण्याचा तांब्या दिला.

मी पुस्तक मिटलं. डोळ्यांत पाणी यायच्या आत लाटणं उचलावं म्हणून हात पुढे केला. अक्कानं ते लाटणं सरकवून लांब ठेवलं.

"वाच."

"पानं नही शेतस, अक्का."

"नही ते नही. तू वाच. तो कसा चालस ते तुले ठाऊक शे."

मग ते शेवटचं पान पुन्हा उघडलं, बोट "कोण?" वर ठेवलं, आणि नजर तिथून न उचलता म्हटलं, "मी गेनू." थांबले. दहाबारा लाटणी पाटावर आपटली. मला भीती वाटते. मी आत येतोय.

आतून आवाज आला, मी म्हणाले, की तुझ्याजवळ दिवा आहे का? गेनू म्हणाला, नाही, विझला. मग आवाज म्हणाला, तर ये. दिवा घेऊन आलेल्यांना मी उघडत नाही, माझे डोळे दुखतात.

"दारमाईन कोण बोलनं?" एकीनं विचारलं.

"ती त्यानी माय व्हई," ठगूबाई काकू म्हणाली. "सांगस ना मी. माय व्हई."

"माय कशी? झराच शे तो. पाणी बोलस."

"पाणीना डोया कशा दुखतीन वं?"

"अंधारमा इतला वरीस ऱ्हायना ते दुखतीनच."

भांडण लागलं. मी बोट न हलवता ऐकत होते. कुणीतरी म्हणालं, मग गेनूनं हात धरून त्या पाण्याला वर आणलं पाहिजे. कुणी म्हणालं, वर कसं येणार, मधे सहा मजले. मग आम्ही त्याला सगळे मजले परत चढवले. हवा नसलेल्या मजल्यावर पाण्याबरोबर गारवा गेला. जात्यावरच्या म्हातारीनं ओंजळभर पाणी पिऊन जातं थांबवलं, आणि पीठ झटकत ते सगळे वीर मागून निघाले. एक बाई म्हणाली, तिला जेवायला घालून मगच पुढे जाऊ दे. मग तिला जेवायला घातलं. काय घातलं त्याचीपण चर्चा झाली. पहिल्या मजल्यावर आलो तेव्हा उन्हं उतरली होती, ठगूबाई काकूचं पीठ कधी संपलं ते कुणाला कळलं नव्हतं, आणि ओट्यावर पापडांना जागा उरली नव्हती.

"त्यानं लगीन कर वं पोरी," ठगूबाई काकू म्हणाली. "इतला खाले जाईसन उना. एकलाच ऱ्हाई का?"

शेवटी पदरानं हात पुसत अक्कानं मला विचारलं, "त्याना भेव गया का?"

मी विचार केला. खोटं सांगवेना.

"नही, अक्का."

"मंग चांगलं शे," ती म्हणाली, आणि माझ्या मायच्या वाटचे पापड मोजून माझ्या सुपात घातले.

शोभाताईला निरोप गेला. उत्तर यायला पावसाळा उजाडला. डब्यात कागद होते खरे, पण कसले होते ते कुठे बघितलं, असं तिनं कळवलं होतं. बस्स. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी भीत भीत ओट्याशी गेले, लाटणं उचलायच्या बेतानं. अक्कानं माझ्यासाठी भिंतीशी पोतं अंथरून ठेवलं होतं. त्यावर सुरेशभाऊनं आणलेला दिवाळी अंक, किराण्याच्या पुड्यांचे उलगडलेले कागद, एक अर्धं पंचांग. "हाऊ वाचणारीना वाटा," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. लग्न होईपर्यंत माझी ती जागा राहिली. पंचांगसुद्धा वाचून दाखवलं मी. त्यात गेनू नव्हता, तरी बायका विचारायच्या, पुढे काय?

माझे मालक जिनिंगमधले फिटर. कापूस जिकडे गेला तिकडे आम्ही गेलो, आणि कापूस इकडे गिरण्यांकडे आला. मी इथे उतरले तेव्हा बसवरची एकही पाटी वाचता येईना. कुणी काळ्या शाईनं कुरडया घातल्यासारखी अक्षरं. एवढं जपलेलं वाचणं, आणि गावाहून इतक्या लांब येऊन मी पुन्हा अडाणी झाले. धाकटीला ताप आला होता, दवाखान्याची पाटी कुठली ते कळत नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला पिशवी खाली ठेवली. उभी राहिले. डोळे सरावू दिले. आणि आमच्या बोलीत, मोठ्यानं, स्वतःचं नाव घेऊन म्हटलं, माले भेव वाटस, मी मजार येस, म्हणजे आत येते. एक बाई थांबली. तिला मराठी येत नव्हती, मला तमिळ येत नव्हती, पण तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला आणि मला दारापर्यंत नेलं. पुढे बसच्या पाट्यांवरून मी एकेक कुरडई ओळखायला शिकले. आता सगळ्या वाचते. अजून बँकेत शिरताना, मोठ्या डॉक्टरांपुढे बसताना, मुलीच्या शाळेत बोलावलं की ओठांतल्या ओठांत गेनूचं म्हणून घेते. भीती गेली का विचाराल तर नाही गेली.

डबा आला त्या संध्याकाळी भाच्यानं गावी फोन लावून दिला. अक्काचे डोळे आता गेलेत. सुरेशभाऊच्या सुनेनं तिच्या कानाला फोन धरला असेल. पहिला शब्द आला तो, "कोण?"

मी माझं नाव सांगितलं.

"वाचस ना वं अजून?"

"वाचस, अक्का."

"मंग पुढे काय व्हयनं?"

मी म्हटलं, आले की सांगते. ती म्हणाली, लवकर ये, माझं काही खरं नाही. आणि हसली. ते हसणं त्या दिवसापासून माझ्या कानात आहे. आता मला रात्रंदिवस एकच धास्ती. रिझर्वेशन मिळेल का, मालकांना सुट्टी मिळेल का, तोवर ती असेल का.

अक्का, सावड बाकी आहे. माझ्या मायच्या वाटचे तू इतके उन्हाळे लाटलेस, मी तुझ्या घरी एक धड गोल पापड केला नाही. येत्या आखाजीच्या आत येते. तुझ्या वाटचे सगळे मी लाटीन. शेंड्या निघतील, कान निघतील, तुला दिसणार नाहीत आणि ठगूबाई काकू हसायला आता नाही. तू भिंतीशी पोत्यावर बस. हात चालू असताना मी वाचणार, पुस्तक असो नसो, आणि तू दमशील तोवर पुढचं सांगणार. दार लोटलेलं असेल. तू आतून विचारशील, कोण?

मी पिशवी उंबऱ्याशी खाली ठेवीन. मग म्हणेन, अक्का, मी. माले भेव वाटस. मी मजार येस.